उन्हात तापवलेले जवस तेल: कोरेगाव तालुक्यातल्या एका घराचे प्रकरण

घर सातारा जिल्ह्यातल्या कोरेगाव तालुक्यातले, माळकरी. मासे-अंडी उंबऱ्याच्या आत येत नाहीत. घरात सहा माणसे: तात्या (वय ६१), आक्का, मुलगा, सून आणि शाळेत जाणारी दोन नातवंडे. प्रकरण प्रातिनिधिक आहे. अशा घरांत वारंवार दिसणाऱ्या चुका इथे एकाच घरात आणून मांडल्या आहेत. तेलाचे गुणधर्म आणि मापे मात्र जशी आहेत तशीच दिली आहेत.

एप्रिलमध्ये तात्यांचा रक्ताचा रिपोर्ट आला. एलडीएल (‘वाईट’ म्हणतात ते कोलेस्टेरॉल) १५२, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) २१०, दोन्ही वाढलेले. डॉक्टरांनी कोलेस्टेरॉलची रोज एक गोळी लिहून दिली, चहातली साखर कमी करायला आणि चालायला सांगितले. त्याच आठवड्यात भजनाच्या बैठकीत कुणीतरी म्हणाले, मासे न खाणाऱ्याला जवसाचे तेल हाच उतारा. मुलाने लाकडी घाण्यावरून तेल आणले. घाणेवाल्याने भरवसा दिला, "दोन दिवस ऊन दाखवलंय दादा, आता वर्षभर काही होत नाही."

मग तीन गोष्टी एकदम सुरू झाल्या. तात्या सकाळी उपाशीपोटी पोह्याचे दोन चमचे आणि रात्री एक चमचा तेल पिऊ लागले. आक्कांनी भाजी-आमटीच्या फोडणीला तेच तेल घेतले. आणि औषधच चालू आहे म्हटल्यावर तात्यांनी गोळी बंद केली. तेलाची पारदर्शक प्लास्टिकची बाटली गॅसच्या शेजारी, खिडकीत.

सहा आठवड्यांनी स्थिती अशी: तात्यांना पहिल्या आठवड्यापासून सकाळी पातळ शौचाला होत होते. वजन दीड किलोने वाढले. फोडणीच्या वेळी स्वयंपाकघर धुराने भरायचे. मुले आमटी बाजूला सारायची. शेवटी सुनेने बाटली नाकाशी धरली. "मामंजी, ह्याला नव्या रंगाचा वास येतोय." तात्यांचे उत्तर, "औषध कडूच असतंय, सूनबाई."

दोघेही आपापल्या जागी बरोबर होते, पण बोलत होते वेगवेगळ्या गोष्टींबद्दल. कडू चव आणि खवटपणा या जवस तेलात दोन स्वतंत्र घटना आहेत, त्याकडे पुढे येऊ.

तेलात असते काय

जवसाच्या बियात साधारण ४० टक्के तेल असते आणि त्या तेलात निम्म्याहून जास्त वाटा अल्फा लिनोलेनिक आम्लाचा. हे वनस्पतीतले ओमेगा-३, आहारातूनच मिळवावा लागणारा एक स्निग्धांश. सूर्यफूल आणि करडईच्या तेलात ते जवळपास नसते, शेंगतेलातही नाही. सोयाबीन तेलात सुमारे ७ टक्के, मोहरीच्या तेलात १० टक्क्यांच्या आसपास. म्हणजे रोजच्या स्वयंपाकातल्या कोणत्याही तेलापेक्षा जवस या बाबतीत कितीतरी पुढे आहे, आणि म्हणूनच ते फार थोडे लागते.

५ मिलिलिटर, म्हणजे मापाचा एक चहाचा चमचा, यात सुमारे साडेचार ग्रॅम तेल, ४० कॅलरी आणि सव्वादोन ते अडीच ग्रॅम ओमेगा-३ येते. पुरेशी मानली जाणारी रोजची मात्रा पुरुषासाठी १.६ ग्रॅम, स्त्रीसाठी १.१ ग्रॅम. एका चमच्यात दिवसाचे काम होऊन वर उरते. तात्यांचे पोह्याचे तीन चमचे म्हणजे ३० मिलिलिटर. म्हणजे अडीचशे कॅलरी, त्याही आधीच्या जेवणात काही कमी न करता. सहा आठवड्यांत साडेदहा हजार कॅलरी झाल्या. दीड किलो वजन कुठून आले, हे वेगळे शोधायची गरज नाही. उपाशीपोटी २० मिलिलिटर निव्वळ तेल गेले की बऱ्याच जणांचे पोट सुटते. तेलात ‘शरीर साफ करण्याचा’ गुण आहे असे त्यावरून कुणी समजू नये.

आता घराचा हिशेब. महिन्याला ५ लिटर सूर्यफूल तेल येत होते. मुलांना अर्धे धरले तर पाच माणसे, दरडोई दिवसाला ३० ग्रॅम तेल. त्यातून सुमारे १८ ग्रॅम ओमेगा-६ (सूर्यफुलातला मुख्य स्निग्धांश, लिनोलेइक आम्ल) आणि धान्य, शेंगदाणे धरून आणखी ५ ग्रॅम. ओमेगा-३ मात्र डाळी, पालेभाज्या, धान्य सगळे मिळून अर्ध्या ग्रॅमच्या आसपास. ओमेगा-६ चे ओमेगा-३ शी गुणोत्तर पंचेचाळीसला एकच्या पुढे. भारतीय आहारासाठी ते ५ ते १० च्या दरम्यान असावे असे सांगतात. थोडक्यात, घराला ओमेगा-३ कमी पडत होते हे खरेच होते. भजनातल्या माणसाचा सल्ला दिशेने बरोबर होता, फक्त मात्रा, वेळ आणि तेलाची निगा याबद्दल त्यात काहीच नव्हते.

नुसते जवस तेल वाढवून हे गुणोत्तर नीट होत नाही, सूर्यफूल कमी करावे लागते. या घरात फोडणीचे तेल निम्मे शेंगतेल आणि निम्मे सूर्यफूल केले, एकूण तेल २५ ग्रॅमवर आणले आणि वर एक चमचा जवस तेल कच्चे दिले. ओमेगा-६ साधारण १६-१७ ग्रॅम, ओमेगा-३ पावणेतीन ते तीन ग्रॅम, गुणोत्तर सहाला एकच्या जवळ. घाण्याचे शेंगतेल या भागात सहज मिळते, त्यामुळे हा बदल कुणाला जड गेला नाही.

उन्हाने काय केले

या प्रकरणातली सगळ्यात महागात पडलेली चूक घरात झालीच नाही, ती घाण्यावर झाली. शेंगतेल, तिळाचे तेल घाण्यातून काढले की त्यात ओल आणि गाळ असतो. ते दोन-चार दिवस उन्हात ठेवतात, ओल उडते, गाळ खाली बसतो. शेंगतेलाला ते सोसते. जवस तेलाला सोसत नाही. अल्फा लिनोलेनिक आम्लाच्या साखळीत तीन दुहेरी बंध असतात, सूर्यफुलातल्या लिनोलेइकमध्ये दोन, शेंगतेलातल्या ओलेइकमध्ये एक. बंध जितके जास्त तितका प्राणवायू लवकर चिकटतो, आणि हा फरक थोडाथोडका नसून पटीतला आहे. त्यात ताज्या घाण्याच्या तेलात हरितद्रव्याचा अंश असतो. प्रकाश पडला की हे हरितद्रव्यच ऑक्सिडीकरणाला पेटवते. एप्रिलच्या उन्हात दोन दिवस म्हणजे तेल घरी येण्याआधीच त्याचे अर्धे आयुष्य संपलेले.

उरलेले काम खिडकीने, गॅसच्या उष्णतेने आणि बाटलीने केले. ती बाटली आधी शेंगतेलाची होती, नुसती विसळलेली. जुन्या तेलाचा आतला ओशट थर आधीच खवट झालेला असतो आणि नव्या तेलाला तो विरजणासारखा लागतो. शिवाय बाटली रिकामी होत जाईल तशी आत हवा वाढत जाते. शेवटचे पाव लिटर म्हणूनच सगळ्यात खराब निघते.

हेच तेल पातळ थरात हवेवर राहिले तर सुकून चिवट पापुद्रा होते. तैलरंगात आणि लाकडाच्या पॉलिशमध्ये ते याच गुणासाठी वापरतात. बाटलीच्या आट्यांवर, झाकणाच्या आत पिवळट चिकट थर दिसू लागला की तोच प्रकार तिथे चालू आहे. गरम पाण्याने आणि साबणाने तो निघत नाही, ते झाकण टाकूनच द्यावे. जवस तेल पुसलेली चिंधी चुरगाळून ढिगात टाकू नये हेही इथेच सांगायला हवे. सुकताना उष्णता निघते, ढिगात ती अडकते आणि चिंध्या आपोआप पेट घेऊ शकतात. घाण्यावर चिंध्या पाण्यात बुडवून ठेवाव्यात किंवा पसरून वाळवाव्यात.

आणखी एक धोका: रंगाच्या दुकानात मिळणारे उकळलेले अळशीचे तेल. ते लवकर सुकावे म्हणून त्यात धातूंची संयुगे घातलेली असतात. क्रिकेटच्या बॅटला लावायचे तेलही खाण्यासाठी बनवलेले नसते. अळशी आणि जवस एकच, हे माहीत असलेल्या माणसाकडूनच ही गफलत होते. बाटलीवर खाद्य तेल म्हणून अन्न परवाना क्रमांक नसेल तर ते तोंडात जाता कामा नये.

कडू की खवट

घाण्याचे ताजे जवस तेल दाण्यासारखे, किंचित हिरवट वासाचे असते. काही आठवड्यांत त्याला कडवट चव येते. ही चव बियातल्या सायक्लोलिनोपेप्टाइड नावाच्या छोट्या प्रथिनसाखळ्यांमुळे. त्यातल्या एकीचे ऑक्सिडीकरण झाले की ती कडू लागते. तेल म्हणून ते तेव्हाही वापरण्याजोगे असू शकते. खवटपणा ओळखायचा तो नाकाने: नवा तैलरंग, खिडकीच्या काचा बसवायची लांबी (पुट्टी), किंवा शिळे मासे. माळकरी घरात शेवटची खूण उपयोगाची नाही, म्हणून रंगाचा वास हीच कसोटी सांगितली. पद्धत अशी: तळहातावर दोन थेंब घेऊन दुसऱ्या तळहाताने दहा-बारा वेळा चोळायचे आणि लगेच वास घ्यायचा. फ्रिजमधल्या थंड तेलाला वास लागत नाही, तळहाताच्या उबेने लागतो. जिभेवर कडू पण नाकाला स्वच्छ असेल तर ठेवा. नाकाला रंग लागला तर चव बघू नका.

प्रयोगशाळेत पेरॉक्साइड मूल्य, म्हणजे प्राणवायूने तेल किती बिघडले याचे माप, काढतात. घाण्याच्या तेलासाठी कोडेक्सची (आंतरराष्ट्रीय अन्नमानकांची) मर्यादा किलोमागे १५ मिलिइक्विव्हॅलंट आहे. पण एकाच आकड्यावर विसंबू नये. फार जुन्या तेलात पेरॉक्साइड फुटून पुढची, वासाची संयुगे तयार झालेली असतात आणि आकडा उलट खाली येतो. वास येतोय आणि आकडा चांगला, असे झाले तर नाकावर विश्वास ठेवावा.

तात्यांच्या बाटलीत उरलेले तेल फेकले. गुरांनाही दिले नाही. आक्कांना ते फार लागले, आणि ते साहजिक आहे.

फोडणी

शुद्ध न केलेल्या जवस तेलाचा धूर साधारण १०७ अंश सेल्सियसला सुरू होतो. मोहरी तडतडायला याहून बरेच जास्त तापमान लागते. म्हणजे मोहरी तडतडायच्या आत तेल धुरावलेले असतेच, आणि ज्या ओमेगा-३ साठी ते आणले ते आधी मोडते. थोडे शेंगतेल मिसळून फोडणी केली तरी उपयोग नाही. मिश्रणातला जवसाचा वाटा तितकाच तापतो.

खरे तर साताऱ्याच्या जेवणात कच्च्या तेलाची जागा आधीपासून आहे. भाकरीबरोबर ठेचा किंवा शेंगदाण्याची चटणी घेतली की त्यावर कच्चे तेल ओतायचे, पिठल्याच्या मध्ये खळगा करून तेल घालायचे, कांदा फोडून त्यावर तेल-मीठ. जवस तेल या जागी बसवले. प्रत्येकाच्या ताटात चटणीवर एक चमचा, जमल्यास निम्मे जवस निम्मे शेंगतेल. लसूण आणि मिरचीत जवसाचा हिरवट वास झाकला जातो. गरम आमटीच्या वाटीत वाढल्यानंतर घातले तरी चालते, कारण ताटात येईपर्यंत आमटी निवलेली असते आणि वेळ थोडा असतो. पातेल्यात घालून पुन्हा गरम करणे मात्र नाही. मिश्रण ताटातच करायचे, बरणीत नाही. नाहीतर सगळे शेंगतेलही सोबत खवट होते.

माप पोह्याच्या चमच्याने घेऊ नये, प्रत्येक घरी तो वेगळा असतो. खोकल्याच्या औषधाच्या झाकणावर ५ मिलिलिटरची खूण असते, तीच स्वच्छ धुऊन वापरली. मोठ्यांना ५, मुलांना अडीच. तात्यांनी पहिले दोन आठवडे अडीचच घेतले, तेही दुपारच्या जेवणात. पोट पुन्हा बिघडले नाही. एकादशीला जवस चालते की नाही, यावर घरात दोन मते होती. महिन्यात दोन दिवस चुकल्याने काही बिघडत नाही, म्हणून तो वाद सोडवायच्या फंदात कुणी पडले नाही.

नवे तेल काढताना

अडचण घाण्याच्या मापाची असते. लाकडी घाण्यावर एका वेळी निदान १० किलो बी लागते. त्यातून सव्वातीन किलोच्या आसपास, म्हणजे साडेतीन लिटर तेल निघते. घरात चार मोठे आणि दोन मुले मिळून दिवसाला २५ मिलिलिटर, महिन्याला पाऊण लिटर. साडेतीन लिटर एकट्याने आणले की ते जुने होणारच. म्हणून भावकीतल्या पाच घरांनी मिळून घाणा लावला. दरघरी ७०० मिलिलिटर, आणि पेंड ज्यांच्याकडे दुभती जनावरे आहेत त्यांनी वाटून घेतली.

महाराष्ट्रात जवस मुख्यतः विदर्भात पिकते. कोरेगाव-साताऱ्याच्या दुकानात मिळणारे बी किती जुने आहे हे पोत्यावर लिहिलेले नसते. दाणा चमकदार, तपकिरी, अखंड हवा. मूठभर बी रगडून पाहावे, फुटके दाणे आणि भुसा जास्त असेल तर घेऊ नये, कारण फुटक्या दाण्यातले तेल पोत्यातच बिघडू लागते. बी चाळून, कोरडे करून घ्यावे. दमट बी घाण्यात चिकटते, तेल कमी आणि गढूळ निघते.

घाणेवाल्याला दोनच गोष्टी सांगितल्या: तेल उन्हात ठेवायचे नाही आणि तांब्या-पितळेच्या भांड्यात धरायचे नाही, कारण या धातूंनी खवटपणाला वेग येतो. तेल झाकणाच्या स्टीलच्या डब्यात काठोकाठ भरून घरातल्या थंड, अंधाऱ्या कोपऱ्यात दोन दिवस ठेवले. गाळ तळाशी बसला. वरचे स्वच्छ तेल हलक्या हाताने सुती कापडातून गाळले. तळाचे बोटभर गढूळ तेल त्याच दिवशी चटणीत संपवले. गाळात पाणी आणि बियाचा चिकट अंश असतो, तो बाटलीत गेला की तेल टिकत नाही.

भरण्यासाठी २०० मिलिलिटरच्या तपकिरी काचेच्या बाटल्या घेतल्या, नव्या झाकणांच्या. धुऊन पूर्ण वाळवल्या. एक थेंब पाणीही नको. तेल गळ्यापर्यंत भरले, हवेला जागा ठेवली नाही. एक बाटली फ्रिजमध्ये वापरात, बाकीच्या फ्रीझरमध्ये. घरच्या फ्रीझरच्या थंडीत जवस तेल गोठून दगड होत नाही, थोडे दाट आणि धूसर दिसते. त्यामुळे काच फुटण्याची भीती नाही. प्रत्येक बाटलीवर घाण्याची तारीख चिकटवली. उघडलेली बाटली या घरात आठवड्याभरात संपते. एकट्या-दुकट्याच्या घरात ती सहा आठवड्यांच्या आत संपावी.

झाकण लावताना आटे कोरड्या कागदाने पुसायची सवय मात्र लागायला वेळ गेला. पहिल्या दोन बाटल्यांना आट्यांवर चिकट थर आलाच.

गोळीचे काय

जवस तेल कोलेस्टेरॉलच्या गोळीच्या जागी चालत नाही. अभ्यासांत एलडीएल थोडेफार खाली आलेले दिसते ते अख्ख्या किंवा दळलेल्या जवसाने. त्यात तंतू आणि लिग्नन नावाची वनस्पतीतली संयुगे असतात. तेल काढताना ते दोन्ही पेंडीत जातात. ट्रायग्लिसराइडवर माशाच्या तेलाच्या मोठ्या मात्रेसारखा परिणाम जवस तेल करत नाही. माशातले ओमेगा-३ म्हणजे ईपीए आणि डीएचए, आणि शरीर अल्फा लिनोलेनिक आम्लाचे फार थोडे ईपीए करते, ढोबळमानाने ५ टक्क्यांच्या आसपास, आणि डीएचए तर त्याहूनही कमी. एका चमच्यातून शंभरेक मिलिग्रॅम ईपीए निघाले तरी पुष्कळ. घरात गर्भवती किंवा अंगावर पाजणारी बाई असेल आणि मासे वर्ज्य असतील, तर डीएचएसाठी शेवाळापासून काढलेले तेल डॉक्टरांना विचारून घ्यावे, जवस तेलाचे चमचे वाढवू नयेत.

तात्यांनी गोळी पुन्हा सुरू केली. तीन महिन्यांनी एलडीएल उतरले. त्याचे श्रेय गोळीचे. ट्रायग्लिसराइडही थोडे उतरले. दिवसाचे पाच चहा दोनवर आले होते आणि साखर निम्मी झाली होती, तेच कारण जास्त संभवते. वाढलेले वजनही उतरले. जवस तेलाने या घराला दिले ते एवढेच, की जो स्निग्धांश जेवणात जवळपास नव्हता तो रोज पुरेसा मिळू लागला. रिपोर्टच्या कागदावर त्याची वेगळी ओळ नसते.

रक्त पातळ करण्याची औषधे चालू असतील किंवा शस्त्रक्रिया ठरली असेल, तर रोजचे जवस तेल डॉक्टरांच्या कानावर घालावे.

तेल की चटणी

मग तेलाचा एवढा उपद्व्याप कशाला, जवसाची चटणीच का नाही? प्रश्न रास्त आहे, आणि दात-पोट ठीक असलेल्या बहुतेक घरांना चटणीच बरी. अख्खे बी न चावता गिळले तर जसेच्या तसे बाहेर पडते, पण भरडले की पचते. पाव किलो जवस मध्यम आचेवर तडतडेपर्यंत भाजायचे, निवल्यावर लसूण, जिरे, तिखट, मीठ घालून भरड वाटायचे. भाजण्याने बियातल्या सायनाइड देणाऱ्या संयुगांचा अंशही कमी होतो, आणि अख्ख्या दाण्यात बंद असलेल्या तेलाला थोड्या वेळाच्या भाजण्याने फारसा धक्का लागत नाही. १५ ग्रॅम चटणीत एका चमचा तेलाएवढे ओमेगा-३ येते, वर तंतूही मिळतात. हवाबंद डब्यात ती दोन-तीन आठवडे चांगली राहते.

तेल बरे पडते ते कवळी लावणाऱ्यांना, तंतूंनी पोट फुगणाऱ्यांना आणि चटणीला हात न लावणाऱ्या मुलांना. या घरात तिन्ही प्रकारची माणसे होती, म्हणून तेल ठेवले. फक्त एप्रिल-मेमध्ये, वीज तासन् तास जाते आणि फ्रिज गरम पडतो तेव्हा, घाणा लावायचा नाही असे ठरले. ते दोन महिने चटणीचे. आषाढीच्या वारीलाही तेच. लोणंद-फलटणच्या टप्प्यात थंड बाटली सांभाळणे शक्य नाही, म्हणून तात्यांच्या पिशवीत भाजलेल्या जवसाच्या चटणीचा डबा जातो.